मुलाखतीचे राउंड किती ठेवावेत? तीन पुरतात, चौथ्याला कारण लागतं

आधी उत्तर, मग हिशेब. बहुतेक पदांसाठी फोनवरचं बोलणं धरून तीन राउंड पुरतात. मॅनेजर किंवा त्यावरच्या पदासाठी चार. मशीनवरच्या ऑपरेटरसाठी एका फेरीत, एकाच दिवशी सगळं उरकतं. चारच्या पुढे जायची वेळ आली, तर बहुतेक वेळा उमेदवारात काही कमी नसतं. आपल्याला नेमकं काय तपासायचंय, हेच आपलं ठरलेलं नसतं.

'चार' या आकड्यामागे थोडा इतिहास आहे. गूगलमध्ये एके काळी एका उमेदवाराच्या डझनभराहून जास्त मुलाखती होत. पुढे त्यांनी स्वतःच्याच मुलाखतींचे गुण तपासले. उमेदवाराला घ्यावं की नाही, याची ८६ टक्के खात्री चार मुलाखतींत होते आणि त्यापुढची प्रत्येक मुलाखत त्यात जेमतेम एक टक्का भर घालते, असं त्यांना दिसलं. हे त्यांनी जाहीरपणे मांडलं आणि तेव्हापासून 'चारचा नियम' सगळीकडे फिरतोय. मात्र दोन गोष्टी विसरू नका. ती खात्री निवडीच्या निर्णयाबद्दल आहे. माणूस पुढे काम कसं करेल, याबद्दल नाही. शिवाय तिथल्या मुलाखती गुण लिहून ठेवण्याच्या पद्धतीच्या होत्या. गप्पा मारत घेतलेल्या चार मुलाखतींना तो आकडा लागू होत नाही. म्हणून चार ही कमाल मर्यादा समजा. तेवढे राउंड झालेच पाहिजेत असं काही नाही.

राउंड मोजण्याआधी प्रश्न मोजा

कागद घ्या आणि या पदावरच्या माणसाबद्दल काय कळल्याशिवाय ऑफर देता येणार नाही, ते लिहा. पाच ओळींपेक्षा जास्त झालं तर पुन्हा लिहा. उदाहरणादाखल भोसरीतल्या ऐंशी माणसांच्या फॅब्रिकेशन युनिटला अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हवाय असं धरू. यादी साधारण अशी होईल:

१. पगाराची अपेक्षा, नोटिस पिरियड आणि रोजचा प्रवास जमतोय का?
२. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्री, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी आपल्या हिशेबाशी ताडून पाहणं), टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) आणि जीएसटीची जुळवाजुळव स्वतःच्या हाताने येते का?
३. सप्लायर फोनवर चढ्या आवाजात बोलायला लागला किंवा आपलीच एंट्री चुकली, तर काय करतो?
४. आधीच्या ठिकाणी सांगितलेलं काम खरंच केलंय का?

आता प्रत्येक ओळीपुढे ती कुठे तपासायची ते लिहा. पहिली फोनवर. दुसरी संगणकावर बसवून, पाऊण तासाच्या प्रात्यक्षिकात. तिसरी, ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्याच्याशी समोरासमोर बोलताना. चौथी मुलाखतीत कळतच नाही; ती आधीच्या साहेबाला फोन करून आणि कागदपत्रांवरून कळते. म्हणजे फोन, प्रात्यक्षिक, मुलाखत असे तीन राउंड झाले. दुसरा आणि तिसरा एकाच दिवशी, एकामागोमाग. पाचवी ओळ नाही, म्हणून चौथा राउंडही नाही.

नियम एवढाच की एका ओळीचा एकच धनी असावा. 'कम्युनिकेशन कसं आहे' हे तिन्ही राउंडमध्ये पाहिलं तर उमेदवार तीनदा 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर देतो. तिसऱ्यांदा ते इतकं घोटून झालेलं असतं की त्यातून काहीच कळत नाही. याउलट टीडीएस येतो का, हे कुणीच विचारलेलं नसतं, कारण प्रत्येकाला वाटतं की ते आधीच्याने विचारलं असेल.

जास्त राउंड म्हणजे जास्त खात्री का नाही

समजा, तुमच्या प्रत्येक राउंडमध्ये चांगला उमेदवार चुकून बाद होण्याची शक्यता १५ टक्के आहे. हा आकडा हिशेबासाठी धरलाय, तुमचा वेगळा असेल. दोन राउंडमधून चांगला माणूस टिकण्याची शक्यता ७२ टक्के. तीनमधून ६१. चारमधून ५२. सहामधून ३८. म्हणजे सहा राउंडच्या चाळणीत दहापैकी सहा चांगले उमेदवार तुम्हीच वाटेत सांडता, आणि वर 'मार्केटमध्ये माणसंच नाहीत' म्हणता. चुकीचा माणूस मात्र जास्त राउंडमुळे तेवढ्या प्रमाणात पकडला जात नाही, कारण तेच प्रश्न पुन्हा विचारले तर पहिल्यांदा फसवणारं उत्तर पुन्हाही फसवतं. नव्या राउंडचा उपयोग तो नवी गोष्ट तपासत असेल तरच.

आता वेळेचा हिशेब. एका जागेसाठी बारा जणांशी वीस-वीस मिनिटं फोन, म्हणजे ४ तास. त्यातले सहा जण तांत्रिक राउंडला. एक तास मुलाखत, पंधरा मिनिटं नोंदी, समोर दोन माणसं: १५ तास. तिघे शेवटच्या राउंडला, तसंच दोघांसमोर: साडेसात तास. निर्णयाची अर्ध्या तासाची बैठक, चार माणसं: २ तास. एकूण साडेअठ्ठावीस तास. याच तिघांचे आणखी तीन राउंड घेतले तर साडेबावीस तास वाढतात आणि बेरीज ५१ होते. हे तास एचआरचे नसतात. कामाने आधीच वाकलेल्या सीनियर इंजिनियरचे किंवा प्लांट मॅनेजरचे असतात.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवतं. निवडीच्या पद्धती आणि पुढची कामगिरी यांच्या संबंधावर पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुने अभ्यास पुन्हा तपासले. ठरलेल्या प्रश्नांच्या, ठरलेल्या मोजमापाच्या मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.४२ निघाला, तर मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. एक नीट बांधलेला राउंड आणि दोन-तीन ऐसपैस राउंड यांतून निवडायचं झालं तर पहिला घ्या.

पदानुसार किती

मशीन ऑपरेटर, वेल्डर, फिटर: एक फेरी. दारातच कागदपत्रं पाहा, मग थेट शॉपफ्लोअर. सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणाऱ्या लेथचा) ऑपरेटर हवा असेल तर ड्रॉइंग हातात द्या. त्यात २५ मिमी व्यास, वर शून्य आणि खाली २१ मायक्रॉन अशी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असू द्या. टेबलावर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर दोन्ही ठेवा आणि तयार जॉब मोजायला सांगा. साध्या व्हर्नियरची लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, म्हणजे वीस मायक्रॉन. व्हर्नियरने ही टॉलरन्स मोजता येत नाही. उमेदवाराचा हात मायक्रोमीटरकडे गेला, आणि मोजण्याआधी त्याने शून्य तपासलं, तर निम्मी मुलाखत तिथेच झाली. पुढचा प्रश्न: 'जॉब व्यासात ०.०४ मिमीने मोठा येतोय, वेअर ऑफसेटमध्ये (टूल झिजल्यावर मशीनमध्ये टाकायच्या दुरुस्तीत) काय टाकाल?' चिन्ह चुकलं तर पुढच्या वेळी जॉब आणखी मोठा येईल, हे त्याला स्वतःहून उमगतं का, ते बघा. ही चाळीस मिनिटं झाल्यावर सुपरवायझरने शिफ्ट, ओव्हरटाइम आणि बसच्या थांब्याबद्दल दहा मिनिटं बोलावं आणि निर्णय त्याच दिवशी द्यावा. चाकणमधला चांगला ऑपरेटर दुसऱ्या दिवशी शेजारच्या कंपनीच्या गेटवर असतो.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद केली, कौशल्य चाचणी आणि शारीरिक चाचणी मात्र चालू ठेवली. त्यामागे पारदर्शकतेचा मुद्दा होता. पण हाताने करायच्या कामाला हात बघावेत, हे खाजगी कंपनीलाही तितकंच लागू आहे.

दोन ते पाच वर्षांचा अनुभव असलेला सॉफ्टवेअर डेव्हलपर: तीन. वीस मिनिटं फोन. मग सत्तर-पंचाहत्तर मिनिटांचं प्रत्यक्ष काम: तुमच्याच प्रॉडक्टसारखा छोटा कोड, त्यात मुद्दाम ठेवलेली एक चूक आणि एक अर्धवट फीचर. उलटं केलेलं बायनरी ट्री (मुलाखतींतलं ठराविक कोडं) फळ्यावर काढायला लावून, पेमेंटचा कॉलबॅक (पैसे मिळाल्याचा संदेश) दोनदा आला तर काय करायचं हे त्याला येतं का, ते कळत नाही. तिसरा राउंड मॅनेजरचा, पंचेचाळीस मिनिटं. आधीच्या एका प्रोजेक्टमध्ये खोलवर जाऊन 'यात तुमचा हात कुठे होता' एवढंच शोधायचं. दुसरा आणि तिसरा एकाच दिवशी.

फ्रेशर: लेखी चाचणी आणि एक मुलाखत. कॅम्पसवर असाल तर दोन्ही एकाच दिवसात. ज्याने अजून कामच केलेलं नाही, त्याच्याकडून चौथ्या राउंडला नवं काय निघणार?

सेल्स: तीन. त्यातला एक खोट्या ग्राहकाबरोबरचा. शक्य असेल तर अर्धा दिवस तुमच्या माणसाबरोबर बाजारात फिरवा, खर्च तुमचा. दुकानदाराने पहिल्यांदा 'नको' म्हटल्यावर तो काय करतो, ते केबिनमध्ये दिसत नाही.

मॅनेजर, विभागप्रमुख: चार. फोन, कामाची खोल चौकशी, हाताखालच्या आणि बरोबरच्या माणसांशी एक बैठक, आणि मालक किंवा संचालक. इथे पाचवी भेट होऊ शकते, पण ती उमेदवाराला कंपनी समजून घ्यायला, चहा किंवा जेवणावर. तिला गुण नसतात. हे त्याला आधी सांगा, नाहीतर तो तिथेही परीक्षेच्या बेतानेच येतो.

गुणांची पट्टी: एक जवळून

राउंड कमी करायचे तर प्रत्येक राउंड घट्ट बांधावा लागतो. त्यासाठी प्रश्नाबरोबर उत्तरांची पट्टीही आधी लिहायची. मघाच्याच अकाउंट्सच्या जागेसाठी एक प्रश्न: 'सप्लायरचं बिल आपल्या खरेदी रजिस्टरमध्ये आहे, माल आलाय, पण जीएसटीआर-२बी मध्ये (सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणाऱ्या यादीत) ते दिसत नाही. या महिन्याचं रिटर्न भरायला दोन दिवस उरलेत. काय कराल?'

एक गुण: 'बिल आहे ना, मग क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घ्यायचं.' असा माणूस तुम्हाला नोटीस आणून देईल.

दोन गुण: 'या महिन्यात क्रेडिट घ्यायचं नाही.' बरोबर, पण तिथेच थांबतो.

तीन गुण: या महिन्यात घेत नाही, सप्लायरला फोन करून त्याने जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरलंय का विचारतो, आणि जीएसटीएवढी रक्कम थांबवून ठेवायची का, हे साहेबांना विचारतो.

चार गुण: वरचं सगळं, शिवाय सप्लायरने आपला जीएसटी नंबर चुकवून दुसऱ्याच्या नावावर किंवा बी-टू-सी मध्ये (जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत) टाकलंय का, ते पाहतो, अशा बिलांची वेगळी यादी ठेवतो, आणि आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट ते वर्ष संपल्यावरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंतच घेता येतं, जे आधी येईल ते, हे न विचारता सांगतो.

पट्टी चारची ठेवा, पाचची नको. पाच ठेवली की सगळे तीन देतात आणि तीनचा अर्थ 'मला ठरवता आलं नाही' एवढाच उरतो. एका राउंडमध्ये असे चार किंवा पाच प्रश्न पुरे. तासाची वाटणी: पाच मिनिटं ओळख, चाळीस मिनिटं प्रश्न, दहा मिनिटं उमेदवाराचे प्रश्न, पाच हातात. त्यानंतरची पंधरा मिनिटं कॅलेंडरमध्ये आधीच अडवून नोंदी लिहायच्या. संध्याकाळी लिहू म्हटलं की 'चांगला वाटला' एवढंच लिहिलं जातं. एका माणसाने दिवसात दोनपेक्षा जास्त मुलाखती घेऊ नयेत. तिसरा उमेदवार पहिल्या दोघांशी तुलना होऊनच मोजला जातो, पट्टीवर नाही.

काय विचारायचं नाही, तेही त्याच कागदावर लिहा: लग्न, मूल कधी, सासरचे काय म्हणतात, जात, गाव कुठलं 'मूळचं'. समान कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला वेतन संहिता, २०१९ मध्ये मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी या उत्तरांतून कामाबद्दल काहीच कळत नाही. 'दुसऱ्या शिफ्टला, रात्री साडेअकरापर्यंत थांबायला लागेल, जमेल का?' हा प्रश्न योग्य. तो पुरुषालाही तसाच विचारायचा.

निर्णय कसा घ्यायचा

सैन्यदलातल्या अधिकाऱ्यांची निवड करणारं एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) पाहा. पाच दिवस चालणाऱ्या या निवडीत पहिल्या दिवशीच चाळणी होते. उरलेल्यांना मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा गट चाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे तीन वेगळ्या अंगांनी तपासतात. तिघे आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सला ते एकत्र येतं. पाच दिवस तुम्हाला परवडणार नाहीत, पण घ्यायची गोष्ट वेगळीच आहे: तीन माणसं, तीन वेगळ्या गोष्टी, आणि बैठकीपर्यंत कानगोष्टी नाहीत.

आपल्याकडे होतं उलटं. पहिल्या राउंडचा माणूस लिफ्टमध्ये दुसऱ्याला सांगतो, 'भारी आहे पोरगा.' दुसरा मुलाखत घेतच नाही, पहिल्याच्या मताला दुजोरा गोळा करतो. मग दोन राउंडची मतं ही खरं तर एकाच राउंडचं मत दोनदा मोजलेली असतात. म्हणून गुण शीटमध्ये भरल्याशिवाय दुसऱ्याचे गुण दिसू नयेत अशी सोय करा. गूगल फॉर्म पुरतो. बैठकीत सगळ्यात ज्युनियर माणसाने आधी बोलावं, साहेबांनी शेवटी. साहेब आधी बोलले की खोलीत होयबाच उरतात.

बैठक अर्ध्या तासाची, शेवटच्या राउंडनंतर चोवीस तासांच्या आत. निर्णय दोनच: ऑफर किंवा नकार. 'होल्डवर ठेवू' हा तिसरा निर्णय नसतो. तो न घेतलेला निर्णय असतो. मत खरंच अडलं असेल तर एक जादा भेट ठेवता येते, पण तीन अटींवर: नेमका प्रश्न लिहून काढा, अर्धा तास आणि एकच माणूस, दोन कामाच्या दिवसांत. 'अजून एकदा बोलून बघू' हा प्रश्न नाही. 'गेल्या नोकरीत दहा महिन्यांतच का सोडलं, याची दोन वेगळी उत्तरं आलीत, कोणतं खरं?' हा प्रश्न आहे, आणि तो दहा मिनिटांच्या फोनवरही सुटतो.

मागच्या दाराने येणारे राउंड

संचालकांना एकदा भेटवू. हा सगळ्यात महागडा राउंड आहे, कारण त्यासाठी आठवडा-दहा दिवस साहेबांच्या दौऱ्याची वाट पाहिली जाते. शंभर माणसांपर्यंतच्या कंपनीत मालकाला प्रत्येकाला भेटावंसं वाटणं स्वाभाविक आहे. मग त्यांना दुसऱ्या राउंडच्या पॅनेलवरच घ्या किंवा जॉइन झाल्या दिवशी चहाला बसवा. गेल्या वर्षी त्यांनी या भेटीत कितींना नाकारलं, ते मोजून त्यांच्यासमोर ठेवा. शून्य किंवा एक निघालं, तर ते स्वतःच म्हणतील, नको.

शेवटचा एचआर राउंड. पगाराचं बोलणं शेवटी ठेवण्याची जुनी सवय. तीन आठवडे घालवल्यावर कळतं की त्याची अपेक्षा तुमच्या बजेटच्या दीडपट आहे. पगार पहिल्या फोनवर बोला, आणि तोही दोन्ही अंगांनी: सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च) किती, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल वगळून हातात किती. हे दोन आकडे वेगळे आहेत, हे उमेदवाराला ऑफर लेटर उघडल्यावर कळलं तर तो येत नाही. नोटिस पिरियड, ठिकाण, शिफ्ट, आठवड्यात किती दिवस ऑफिस, हेही त्याच फोनवर. या वीस मिनिटांत बाराचे सहा झाले पाहिजेत. होत नसतील तर समजा की फोन करणाऱ्याला नकार द्यायचा अधिकारच दिलेला नाही.

घरी करायचं असाइनमेंट. दोन तासांच्या वर नको. 'वीकएंडला करून पाठवा' म्हटलं की चांगल्या नोकरीत असलेला, घरी लहान मूल असलेला गळतो आणि मोकळा वेळ असलेला पुढे जातो. ग्राहकाचं खरं काम असाइनमेंट म्हणून देणं ही सरळ फुकटेगिरी आहे, आणि ती बातमी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्या जाहिरातीच्या आधी पोचते.

टीमला भेटू दे. सहा जणांसमोर एकाला बसवलं की दोघे बोलतात, बाकीचे मोबाइल बघतात. समोर दोन माणसं पुरे, तिसरा शिकाऊ म्हणून गप्प बसला तर चालेल.

तोतया उमेदवाराची भीती. व्हिडिओवर एकजण मुलाखत देतो आणि जॉइन व्हायला दुसराच येतो, किंवा कानात कुणीतरी उत्तरं सांगतो, हे आयटीतलं खरं दुखणं आहे. त्यावर उपाय म्हणून व्हिडिओचे दोन राउंड वाढवले जातात. त्याने काही साधत नाही, तोतया पाचही राउंडला बसतो. उपाय आहे तो एक राउंड समोरासमोर घेण्याचा. ते जमत नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या व्हिडिओला ओळखपत्र आणि चेहरा ताडून पाहा, आणि शेवटच्या राउंडला आधीच्या राउंडमध्ये त्यानेच लिहिलेल्या कोडमध्ये एक बदल करायला सांगा. ज्याने लिहिलंय त्याला दोन मिनिटं लागतात.

रेफरन्स आणि पडताळणी हे राउंड नाहीत. शेवटच्या राउंडनंतर आणि ऑफरआधी, उमेदवाराची परवानगी घेऊन दोन फोन करा. सध्याच्या कंपनीला ऑफर स्वीकारण्याआधी फोन करू नका, त्याची नोकरी धोक्यात येते. अनुभवाची शहानिशा करायला पीएफच्या यूएएन या कायम क्रमांकावरची सर्व्हिस हिस्ट्री आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा बऱ्याचदा पुरतात. आधार, पॅनच्या प्रती मात्र निवड झाल्यावरच घ्या. नाकारलेल्या दोनशे जणांची ओळखपत्रं ईमेलमध्ये पडून राहणं ही तुमच्याच गळ्यातली धोंड आहे.

कॅलेंडर

पहिल्या फोनपासून ऑफरपर्यंत दहा कामाचे दिवस हे लक्ष्य ठेवा. जमेल असं वेळापत्रक:

दिवस १ आणि २: बारा फोन, संध्याकाळी सहानंतर किंवा सकाळी दहाच्या आत, म्हणजे उमेदवाराला ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बोलावं लागत नाही.
दिवस ३: सहा जणांना वेळ कळवा, पॅनेलवर कोण आहे आणि किती वेळ लागेल हेही लिहा.
दिवस ४ ते ६: तांत्रिक राउंड. जे पट्टीवर पुढे जातील त्यांचा शेवटचा राउंड त्याच दिवशी, मध्ये अर्धा तास चहा.
दिवस ७: निर्णयाची बैठक.
दिवस ८ आणि ९: रेफरन्सचे फोन, पगाराचं पक्कं बोलणं.
दिवस १०: ऑफर लेटर, आणि बाकीच्यांना नकाराचा मेसेज.

हे वेळापत्रक मोडतं ते जवळजवळ नेहमी चौथ्या दिवशी, पॅनेलवाल्याला ऐन वेळी क्लायंटचा कॉल आल्यामुळे. म्हणून जाहिरात टाकायच्या आधीच पॅनेलच्या दोघांच्या कॅलेंडरमध्ये जागा अडवा आणि एक राखीव माणूस ठरवा, ज्याला तीच पट्टी माहीत आहे. जागा मिळत नसेल तर जाहिरात आठवडाभर पुढे ढकला. आलेले अर्ज महिनाभर कुजवण्यापेक्षा ते बरं.

प्रत्यक्ष बोलावत असाल तर सगळं एकाच फेरीत. हडपसरहून चाकणला यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस गेला. त्यासाठी नोकरीवरच्या माणसाला एक रजा टाकावी लागते. दुसऱ्या फेरीला दुसरी रजा, आणि तिसऱ्या वेळी साहेबाला संशय येतो. शनिवार ठेवलात तर येणाऱ्यांची संख्या वाढते, एवढं पाहून घ्या.

आधीच सहा राउंड असतील तर

एका झटक्यात कापू नका, मतभेद होतात. एक्सेल उघडा आणि मागच्या वीस उमेदवारांची प्रत्येकी एक ओळ भरा: प्रत्येक राउंडचा निकाल, नकाराचं कारण चार शब्दांत, दोन राउंडमध्ये किती दिवस गेले, आणि स्वतःहून कोण गळला. मग प्रत्येक राउंडला तीन प्रश्न विचारा.

या राउंडने कुणाला नाकारलं का? वीसमध्ये एकालाही नाही, तर तो राउंड शोभेचा आहे. काढा.

नाकारलं तर कारण आधीच्या राउंडपेक्षा वेगळं होतं का? तिसऱ्या आणि चौथ्या राउंडचं कारण दोन्हीकडे 'डेटाबेस कच्चा' असेल, तर दोन्ही एक करा आणि तो प्रश्न आधी आणा. ज्या कारणाने सगळ्यात जास्त जण बाद होतात, ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्तात तपासलं पाहिजे.

सगळ्यात जास्त उमेदवार कुठे गळले? बहुतेक वेळा सगळ्यात लांब थांबावं लागतं त्या टप्प्यावर. तिथे राउंड कमी करण्याआधी दिवस कमी करा, निम्मा फरक त्यानेच पडतो.

पुढचे तीन महिने कमी राउंडने भरती करा. घेतलेल्या माणसाला प्रोबेशनच्या नव्वदाव्या दिवशी त्याच चारच्या पट्टीवर पुन्हा मोजा आणि मुलाखतीतल्या गुणांशेजारी लिहा. कोणता राउंड खरं बोलत होता, ते आठ-दहा माणसांनंतर दिसायला लागतं. खरं बोलणारा राउंड वाढवून सव्वा तासाचा केला तरी चालेल.

ऑफर दिल्यावरही आयटीत नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड असतोच, आणि त्या तीन महिन्यांत तो माणूस तुमचं लेटर दाखवून दुसरीकडे भाव करतो. राउंड वाढवून हे थांबत नाही. नोटिस बायआउट (उरलेल्या नोटिसचे पैसे भरून माणसाला लवकर मोकळं करून घेणं) देता येतो का, ते पाहा. नाहीतर दर पंधरा दिवसांनी त्याच्या होणाऱ्या मॅनेजरने, एचआरने नव्हे, फोन करायचा: राजीनामा मंजूर झाला का, शेवटची तारीख कोणती, लॅपटॉप कुठला हवा. पहिल्या महिन्यातले दोन फोन त्याने टाळले, तर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला त्याच दिवशी फोन करा. त्याला नकाराचा मेसेज सभ्यपणे गेला असेल, तर तो अजूनही उचलतो.